मोबाइल ॲपची कल्पना : शोध आणि पारख

उद्योग म्हटला की जागा, यंत्रे, कच्चा माल आणि कामगार एवढेच डोळ्यांसमोर उभे राहण्याचा काळ मागे पडला आहे. एक संगणक, दोन-तीन जाणकार सहकारी आणि एक कल्पना एवढ्या भांडवलावर आज व्यवसायाचा विचार सुरू होतो. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आपले ॲप स्टोअर खुले केले, तेव्हा तेथे सुमारे ५०० ॲप्स होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचे ॲन्ड्रॉइड मार्केट सुरू झाले आणि २०१२ मध्ये त्याचे नामकरण गुगल प्ले असे झाले. आज या दोन्ही दुकानांतील ॲप्सची मोजदाद लाखांत करावी लागते. त्यांतील मूठभर ॲप्स आपल्या रोजच्या वापरात असतात. उरलेल्या बहुसंख्य ॲप्सची नावेही आपल्या कानांवर येत नाहीत.

या विषयाकडे बँकेच्या नजरेने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पिठाची गिरणी चालली नाही तर निदान यंत्र विकून काही रक्कम हाती येते. न चाललेले ॲप मात्र कोणी विकत घेत नाही. त्यात घातलेला पैसा पूर्णपणे बुडतो. हा पैसा पुष्कळदा मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीचा, तारण ठेवलेल्या दागिन्यांचा किंवा वडिलांच्या निवृत्तिवेतनातून साठवलेल्या शिलकीचा असतो. म्हणूनच पहिला रुपया खर्च होण्यापूर्वी कल्पनेची पारख होणे अगत्याचे आहे. ॲपच्या कल्पना कोठे सापडतात आणि सापडलेली कल्पना कशी जोखावी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ग्राहकांना तो उपयोगी पडावाच. शिवाय अशा कल्पना घेऊन शाखेत येणाऱ्या तरुणांशी बोलताना आपल्या सहकाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

कल्पना कोठे सापडतात?

कल्पना एकाएकी सुचते असा सार्वत्रिक समज आहे. परंतु यशस्वी ठरलेल्या सेवांचा इतिहास पाहिला, तर बहुतेक वेळा ती कोणाच्या तरी अडचणीजवळ बसून सापडलेली दिसते. त्यांतील पाच ठिकाणे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत.

पहिले ठिकाण म्हणजे मध्यस्थाची अडचण. २००५ च्या दिवाळीत बंगळूरु येथे नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या अभियंत्याला गावी जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही. असा अनुभव त्या दिवशी आणखी हजारोंना आला असेल. सामा यांनी मात्र तिकीट विकणाऱ्या एजंटांकडे जाऊन हा व्यवहार कसा चालतो याची चौकशी केली. कोणत्या बसमध्ये किती जागा शिल्लक आहेत हे एजंटालाच ठाऊक नसते, त्यासाठी तो बसमालकांना एकामागून एक फोन करीत राहतो, आणि एका एजंटाकडे जागा संपल्या तरी बस मात्र रिकाम्या आसनांसह सुटू शकते, ही खरी मेख होती. त्यांनी मित्रांसह २००६ मध्ये रेडबस सुरू केली. प्रारंभी ती संकेतस्थळाच्या रूपात होती. ॲप नंतर आले. तिकीट न मिळणे हे लक्षण होते, माहिती एका ठिकाणी नसणे हा रोग होता. लक्षणावर ॲप बनवणारे पुष्कळ असतात. रोगापर्यंत पोहोचणारे थोडे.

दुसरे ठिकाण म्हणजे लोकांनी स्वतःच काढलेली पळवाट. केनियामध्ये २००५ साली लघुकर्जाचे हप्ते मोबाइलद्वारे भरता यावेत यासाठी एक प्रायोगिक योजना सुरू झाली. प्रयोग चालू असताना असे आढळले की लोक हप्ते भरण्याखेरीज एकमेकांना पैसे पाठवण्यासाठीही तिचा वापर करीत आहेत. शहरात राबणाऱ्या माणसाला गावी पैसे पोहोचवण्याचा सुरक्षित मार्ग हवा होता. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने एम-पेसा ही सेवा सुरू केली ती घरी पैसे पाठवण्याची सोय म्हणूनच. साध्या फोनवर चालणारी ही सेवा पुढे त्या देशाच्या अर्थव्यवहाराचा कणा बनली. इन्स्टाग्रामचा जन्मही असाच आहे. बर्बन नावाच्या अनेक सोयींच्या ॲपमध्ये लोक मुख्यतः छायाचित्रेच टाकतात, हे लक्षात आल्यावर त्याच्या निर्मात्यांनी बाकी बहुतेक सोयी काढून टाकल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये नव्या नावाने ते बाजारात आणले.

तिसरे ठिकाण म्हणजे साधनांची मर्यादा. रेल्वेने प्रवास करताना आपली गाडी कोठवर आली हे जाणून घेण्याची गरज सर्वांनाच असते. पण रुळांच्या कडेला इंटरनेट खंडित होते आणि डब्यात उपग्रहाचा संकेतही नीट मिळत नाही. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ या ॲपच्या बंगळूरुस्थित निर्मात्यांनी मार्ग शोधला तो मोबाइल मनोऱ्यांच्या आधारे. फोन कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात आहे यावरून गाडीचे स्थान ठरवायचे आणि वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवायचे, अशी ही योजना. ‘इंटरनेट नसेल तर काय?’ या एका प्रश्नाने ते ॲप इतरांहून निराळे ठरले. डिसेंबर २०१८ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली. कमी साठवणक्षमतेचा फोन, इंग्रजी न येणारा वापरकर्ता, क्षीण दृष्टी, एकाच फोनवर चालणारे चार जणांचे कुटुंब अशा प्रत्येक मर्यादेत एखादी कल्पना दडलेली असू शकते.

चौथे ठिकाण म्हणजे नव्या सार्वजनिक सुविधा आणि त्यांतून उद्भवणाऱ्या नव्या अडचणी. राष्ट्रीय भुगतान निगमने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची सुरुवात केली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप आले. त्यापूर्वी शेकडो ग्राहकांकडून प्रत्येकी ५० रुपये गोळा करणे हेच इतके खर्चिक होते की अनेक कल्पना कागदावरच विरत. यूपीआयने तो अडसर दूर केला. परंतु दुकानदारासमोर नवा प्रश्न उभा राहिला : गर्दीच्या वेळी पैसे खरोखर जमा झाले की नाही, हे दर वेळी फोन उघडून कोण पाहणार? त्यातूनच जमा रक्कम मोठ्याने सांगणारी छोटी ध्वनिपेटी आली. एखादा नवा कायदा, नवा कर किंवा नवी सरकारी सुविधा आली की तिच्याबरोबर कोणते काम कोणाच्या माथी आले, याचा विचार करावा.

पाचवे ठिकाण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, ते म्हणजे तक्रारी. आपल्या विषयातील प्रचलित ॲप्सखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय शांतपणे वाचावेत. केवळ राग व्यक्त करणाऱ्या एका ताऱ्याच्या अभिप्रायांपेक्षा तीन ताऱ्यांचे अभिप्राय अधिक बोलके असतात. कारण ते लिहिणारा ॲप वापरतो आहे आणि नेमके काय उणे आहे ते सांगतो आहे. कार्यालयातील तक्रारवही, दुकानातील उधारीची वही, शाळेच्या शिपायाला दिवसभर विचारले जाणारे तेच ते प्रश्न, हेही याच जातीचे साहित्य होय.

यासाठी एक साधी सवय लावून घ्यावी. एका वहीत चार रकाने आखावेत : अडचण कोणाची, ती किती वेळा येते, आज तो माणूस त्यावर काय उपाय करतो, आणि त्या उपायापायी त्याचा वेळ व पैसा किती जातो. तीन महिन्यांत अशा तीस नोंदी झाल्या, तर त्यांतील दोन-तीन तरी पुढील पारखीस पात्र ठरतील.

कल्पना एका वाक्यात मांडा

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुणे, इंदूर, बंगळूरु अशा शहरांत विद्यार्थ्यांना व नोकरदारांना घरगुती जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या अनेक भगिनी आहेत. ‘उद्या डबा नको’ हा निरोप कोणी फोनवर देतो, कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी डबा पोहोचवणाऱ्या मुलाजवळ. त्यांतील काही निरोप हरवतात. अन्न वाया जाते आणि महिनाअखेरीस बिलावरून शब्दाला शब्द वाढतो.

यावर ॲप काढायचे तर त्याचे वाक्य असे होईल : ‘डबे पुरवणाऱ्या घरगुती व्यावसायिकास रोजच्या डब्यांची अचूक संख्या आदल्या रात्री कळावी आणि महिनाअखेरचे बिल आपोआप तयार व्हावे.’ या वाक्यात वापरणारा कोण, काम कोणते आणि फायदा काय, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. याउलट ‘खाद्यक्षेत्रातील सर्व घटकांना एका व्यासपीठावर आणणारे ॲप’ हे वाक्य ऐकायला भारदस्त असले तरी त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. वाक्य स्पष्ट होत नसेल, तर कल्पना अजून कच्ची आहे असे समजावे.

पारखण्याच्या कसोट्या

१) गरज खरी आहे काय? गरजेचे मोजमाप दोन अंगांनी होते : ती किती वेळा भासते आणि भासते तेव्हा किती बोचते. वर्षातून एकदा लागणाऱ्या सोयीसाठी कोणी ॲप फोनमध्ये जपून ठेवीत नाही. डब्यांचा हिशेब रोज रात्री करावा लागतो. या अंगाने आपले उदाहरण सबळ आहे.

२) ॲपच हवे काय? पुष्कळदा एक संकेतस्थळ, व्हॉट्सॲप गट किंवा साधा तक्ताही पुरतो. आपल्या उदाहरणात डबे पुरवणारीने ॲप घेणे शक्य आहे. पण तिच्या साठ ग्राहकांनी केवळ ‘उद्या नको’ सांगण्यासाठी आणखी एक ॲप घ्यावे, ही अपेक्षा जास्तच होईल. त्यांचा निरोप व्हॉट्सॲपवरूनच यावा आणि ॲपने तो टिपून घ्यावा, असा आराखडा अधिक व्यवहार्य ठरेल.

३) खरा प्रतिस्पर्धी कोण? ‘असे ॲप बाजारात नाही’ हे वाक्य उद्योजक अभिमानाने सांगतो. परंतु बहुतेक वेळा खरी स्पर्धा दुसऱ्या ॲपशी नसून प्रचलित सवयीशी असते. दहा रुपयांची वही आणि पेन्सिल हा बलाढ्य प्रतिस्पर्धी आहे; त्याला चार्जिंग लागत नाही. शिवाय खाताबुक, ओके-क्रेडिट यांसारखी उधारीचा हिशेब ठेवणारी ॲप्स आधीच लोकांच्या हाती आहेत. त्यांच्याहून आपण काय अधिक देणार, याचे उत्तर तयार हवे.

४) वापरणाऱ्यांची संख्या वाढल्याखेरीज उपयोग शून्य आहे काय? काही ॲप्स एकट्यालाही उपयोगी पडतात, उदाहरणार्थ हिशेबाची वही. काहींचा उपयोग मात्र इतर लोक तेथे असतील तरच होतो. हाईक हे भारतीय संदेशवहन ॲप डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. त्यात नावीन्य होते, भांडवलही होते. तथापि लोकांचे सगेसोयरे व्हॉट्सॲपवर स्थिरावले होते. जानेवारी २०२१ मध्ये हाईकची संदेशसेवा बंद झाली. अल्प भांडवलाच्या उद्योजकाने शक्यतो पहिल्या प्रकारातील कल्पना निवडावी.

५) ग्राहकापर्यंत कसे पोहोचणार? ॲप दुकानात ठेवले म्हणजे ते दिसते असे नाही. पहिले शंभर ग्राहक कोठे भेटतील, हे नाव-गावानिशी सांगता आले पाहिजे. वसतिगृहांचे व्यवस्थापक, भाजीचे घाऊक व्यापारी, महिला बचत गट अशी ठिकाणे हाताशी असतील तर उत्तम. ‘समाजमाध्यमांवर प्रसार करू’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

६) हे काम आपणच का करावे? संगणकज्ञान आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे प्राथमिक ॲप तयार करण्याचा खर्च व कालावधी घटला आहे. ही सोय जशी आपल्याला आहे तशी आपली नक्कल करणाऱ्यालाही आहे. त्यामुळे त्या व्यवसायाची आतून असलेली ओळख आणि त्यातील लोकांचा विश्वास हेच टिकाऊ भांडवल ठरते.

विचारावे काय आणि ऐकावे काय?

कसोट्यांची उत्तरे घरी बसून मिळत नाहीत. त्यासाठी लोकांकडे जावे लागते. येथे प्रश्नांची मांडणी महत्त्वाची ठरते. ‘असे ॲप काढले तर आपण वापराल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सहसा कोणी नकार देत नाही. समोरच्याचे मन राखण्याची आपली रीतच आहे. म्हणून भविष्याविषयी न विचारता भूतकाळाविषयी विचारावे : ‘गेल्या महिन्यात किती डबे वाया गेले? शेवटचा वाद कशावरून झाला? तो टाळण्यासाठी आपण काय केलेत?’ ज्या अडचणीवर माणसाने आजवर काहीच उपाय करून पाहिला नाही, ती अडचण त्याला फारशी बोचत नाही असे खुशाल समजावे.

‘कल्पना छान आहे’ हा अभिप्राय जमेस धरू नये. त्या माणसाने वेळ दिला, आपली वही दाखवली, दुसऱ्या व्यावसायिकाचे नाव सुचवले किंवा आगाऊ रक्कम दिली, तरच ती पसंतीची खूण मानावी. नातेवाईक व मित्र यांची मते या कामी वर्ज्य समजावीत.

आकड्यांची साक्ष

आता वाणिज्याच्या अंगाने विचार करू. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

साठ डबे पुरवणाऱ्या भगिनीचे रोज सरासरी तीन डबे निरोपाअभावी वाया जातात आणि प्रत्येक डब्याचा साहित्यखर्च ३५ रुपये आहे, असे धरू. महिन्याचे २६ दिवस हिशेबात घेता ३ × ३५ × २६, म्हणजेच २,७३० रुपयांचे नुकसान होते. ते बरेचसे टळत असेल, तर दरमहा २०० रुपये देणे तिला जड वाटू नये.

त्या २०० रुपयांतून संदेश पाठवण्याचा व रक्कम स्वीकारण्याचा खर्च वगैरे ४० रुपये वजा जाता प्रति ग्राहक १६० रुपये उरतात. सर्व्हर, देखभाल आणि ग्राहकांच्या फोनला उत्तर देणारा एक अर्धवेळ सहायक, असा स्थिर खर्च दरमहा ३२,००० रुपये आहे. ३२,००० भागिले १६० म्हणजे २००. पैसे देणारे २०० ग्राहक मिळाले की ना नफा, ना तोटा. येथवर चित्र उत्साहवर्धक दिसते आणि बहुतेक प्रकल्प अहवाल येथेच संपतात.

पण ॲप तयार करण्यास लागलेले ४ लाख रुपये दोन वर्षांत वसूल व्हायचे असतील, तर दरमहा १६,६६७ रुपयांची भर पडते. एकूण गरज ४८,६६७ रुपयांची होते आणि ग्राहकांचा आकडा ३०५ वर जातो.

दुसरी बाब गळतीची. दरमहा शंभरातील पाच ग्राहक सोडून जातात आणि नवा ग्राहक मिळवण्यास भेटी, प्रात्यक्षिक व प्रवास मिळून ६०० रुपये लागतात, असे मानू. गळलेल्या जागा भरण्याचा खर्च प्रत्येक ग्राहकामागे दरमहा ३० रुपये पडतो. १६० रुपयांचे १३० झाले. आकडा ३७५ झाला.

तिसरी बाब म्हणजे मुळात हे ग्राहक गोळा करण्याचा खर्च. तोही दोन वर्षांत वसूल करायचा, तर प्रत्येकामागे दरमहा २५ रुपये आणखी वजा होतात. उरले १०५, आकडा ४६४ झाला. प्रारंभी २०० वाटलेली संख्या ना खोटी होती, ना चुकीची. ती फक्त अपुरी होती. शिवाय ४६४ ग्राहक मिळवण्याचा २,७८,४०० रुपयांचा खर्च हेही भांडवलच. म्हणजे गरज ४ लाखांची नसून पावणेसात लाखांहून थोडी अधिक आहे, आणि तेवढे ग्राहक जमेपर्यंतच्या महिन्यांतील तूट त्यात धरलेलीच नाही.

गळती दरमहा पाचाऐवजी पंचवीस टक्के झाली, तर ग्राहक सरासरी चारच महिने टिकेल आणि ६०० रुपये खर्चून त्याच्याकडून ६४० रुपये मिळतील. अशा स्थितीत ग्राहक जितके वाढतील तितकी दमछाक वाढेल. ॲप किती जणांनी उतरवून घेतले यापेक्षा सहा महिन्यांनंतर किती जण वापरतात, हा आकडा म्हणूनच निर्णायक असतो.

बाजारपेठेचा अंदाजही खालून वर बांधावा. ‘देशाची लोकसंख्या १४० कोटी, त्यातील केवळ एक टक्का’ ही गणिताची पद्धत सोडून द्यावी. आपल्या शहरातील दोन वस्त्या निवडून तेथील डबे पुरवणारे प्रत्यक्ष मोजावेत, त्यांतील स्मार्टफोन वापरणारे, साठाच्या आसपास डबे असणारे आणि पैसे देण्यास तयार असणारे वेगळे काढावेत, आणि मग शहराचा अंदाज करावा.

ॲप न बनवता परीक्षा

बंगळूरु येथे २०१५ च्या सुमारास कबीर बिस्वास यांनी डन्झो ही सेवा सुरू केली ती व्हॉट्सॲपच्या आधारे. लोक संदेश पाठवीत; अमुक वस्तू आणून द्या, तमुक कागद पोहोचवा; आणि ते काम माणसे पाठवून पार पाडले जाई. ॲप नंतर झाले. मागणी आहे किंवा नाही, हे जाणून घेण्याची ही अत्यंत काटकसरीची रीत होय. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने आणि जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने तीत गुंतवणूक केली.

तथापि या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. मागणी सिद्ध झाली, नाव घरोघरी पोहोचले. पण विस्ताराचा खर्च मिळकतीच्या पुढे धावत राहिला आणि जानेवारी २०२५ मध्ये ही सेवा बंद पडली. लोकांना एखादी सोय हवी असणे आणि तिचा खर्च निघेल एवढे मोल त्यांनी देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

आपल्या उदाहरणात पाच डबेवाल्या भगिनींसाठी महिनाभर हे काम हातानेच करता येईल. रोज रात्री आलेले निरोप एका तक्त्यात नोंदवायचे, नऊ वाजता उद्याची संख्या कळवायची, महिनाअखेरीस बिले तयार करून द्यायची. आणि यासाठी पहिल्या दिवसापासून २०० रुपये घ्यायचे. खर्च काही हजारांच्या आत. परीक्षेपूर्वीच निकष लिहून ठेवावा : पाचपैकी किमान तिघींनी दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता दिले, तरच पुढचे पाऊल. निकष नंतर ठरवला की मन आपल्या सोयीचा निकाल लावते.

कायद्याची चौकट

कल्पनेवर मालकी सांगता येत नाही, हे प्रथम समजून घ्यावे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ (के) नुसार केवळ संगणक प्रणालीला पेटंट मिळत नाही. ॲपचे नाव व बोधचिन्ह मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. म्हणून कल्पना चोरीला जाईल या धास्तीने ती लपवून ठेवण्यापेक्षा चार जाणकारांना सांगून तिच्यातील दोष काढून घेणे फायद्याचे असते.

याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. बाहेरच्या व्यक्तीकडून मोबदला देऊन ॲप बनवून घेतले, तरी लेखी हस्तांतर केल्याखेरीज त्या प्रणालीचा कॉपीराइट सामान्यतः बनवणाऱ्याकडेच राहतो. करारात हस्तांतराचे कलम असावे, मूळ सोर्स कोड आपल्या ताब्यात घ्यावा आणि ॲप स्टोअरवरील खाते आपल्याच नावे असावे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती घेऊन, सांगितलेल्या कारणापुरतीच माहिती गोळा करणे हे त्याचे सूत्र आहे. डब्यांच्या हिशेबाला ग्राहकाच्या फोनमधील सर्व नावांची यादी लागत नाही. मग ती मागूच नये. कर्ज देणाऱ्या ॲप्सचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या प्रारंभी पाहिलेल्या सुमारे १,१०० कर्ज ॲप्सपैकी जवळजवळ ६०० बेकायदा आढळली. त्यानंतर सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा ॲप्सना फोनमधील संपर्कयादी, कॉलची नोंद व छायाचित्रे पाहण्यास मनाई केली.

कायदा बदलला की अख्खा व्यवसाय थांबू शकतो. वर उल्लेखिलेल्या हाईक कंपनीने पुढे पैशांच्या खेळांच्या क्षेत्रात प्रवेश केला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि सप्टेंबरमध्ये ती कंपनी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. आरोग्य, कर्ज, गुंतवणूक आणि मुलांशी संबंधित कल्पनांबाबत कायदेशीर सल्ला आधी घ्यावा.

शंभर गुणांचे प्रगतिपत्रक

अनेक कल्पनांची तुलना करताना पुढीलप्रमाणे गुण द्यावेत : गरजेची तीव्रता २५, पैसे देण्याची तयारी २०, ग्राहकांपर्यंत पोहोच २०, आर्थिक गणित १५, कायदेशीर सुरक्षितता १० आणि आपली स्वतःची पात्रता १०. कोणत्याही एका विषयात शून्य मिळाल्यास एकूण गुण कितीही असोत, कल्पना बाजूला ठेवावी.

डब्यांच्या ॲपला, हाताने घेतलेल्या परीक्षेपूर्वी, अनुक्रमे २०, १२, १०, ९, ९ आणि ७, असे ६७ गुण देता येतील. याचा अर्थ असा की ही कल्पना महिनाभराच्या परीक्षेस निश्चित पात्र आहे. परंतु चार लाख रुपयांस अद्याप पात्र नाही. पैसे देण्याची तयारी आणि पोहोच हे दोन दुबळे विषय परीक्षेत सुधारले, तरच पुढे जावे.

बँकेकडे येताना

प्रधानमंत्री मुद्रा योजनेत लघु व्यवसायांसाठी शिशु, किशोर व तरुण या गटांत १० लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. तरुण गटातील कर्ज यशस्वीपणे फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ‘तरुण प्लस’ हा २० लाखांपर्यंतचा गट निर्माण झाला. ॲपच्या प्रस्तावात जागा वा यंत्र यांसारखी दृश्य मालमत्ता नसल्यामुळे बँकेचे लक्ष येणाऱ्या रोख रकमेवर केंद्रित होते. वीस पानी आराखड्यापेक्षा पाच ग्राहकांनी सलग तीन महिने खात्यात जमा केलेले दोनशे-दोनशे रुपये अधिक बोलतात. ही जमा व्यवसायाच्या स्वतंत्र चालू खात्यात व्हावी. घरखर्चाच्या खात्यात ती मिसळू नये.

आपल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. असा प्रस्ताव समोर आला असता ‘हे काही आपल्या पद्धतीत बसत नाही’ असे म्हणून तो बाजूला सारू नये, तसेच तंत्रज्ञानाच्या झगमगाटाने दिपूनही जाऊ नये. अडचण कोणाची, आज तो काय करतो, आणि किती जणांनी प्रत्यक्ष पैसे दिले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे समजण्यासाठी संगणकशास्त्र यावे लागत नाही.

दहा कल्पनांपैकी नऊ या कसोट्यांवर बाद झाल्या तर खंत करण्याचे कारण नाही. कागदावर बाद झालेल्या कल्पनेची किंमत एक वही आणि काही संध्याकाळी एवढीच असते. तीच कल्पना बाजारात बाद झाली, तर तिची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते. उरलेली दहावी कल्पना मात्र निर्धास्तपणे हाती घ्यावी. कारण तिच्यामागे आता केवळ उत्साह नसून पुरावा उभा असतो.